फोटोखाली नुसतं 'उद्योजक' लिहिलेलं असतं तेव्हा

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल घरी येतो. हल्ली पोस्टाने कमी, व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊनच जास्त. आपण काय बघतो? लाभांश किती टक्के, सभा कुठे आणि किती वाजता. फार तर एनपीएचा, म्हणजे थकलेल्या कर्जांचा, आकडा. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर संचालकांचे फोटो ओळीने छापलेले असतात: फेटा, टाय, नऊवारी, सफारी. प्रत्येकाच्या नावाखाली एक शब्द असतो, 'उद्योजक', 'व्यावसायिक', 'समाजसेवक', 'प्रगतशील शेतकरी'. ते पान आपण अंगठ्याने वर सरकवतो.

माझ्या मते अहवालातलं सगळ्यात महत्त्वाचं पान तेच. ताळेबंद म्हणजे मागच्या वर्षी काय झालं त्याची नोंद. पुढची पाच वर्षं आपल्या ठेवींबाबत कोण निर्णय घेणार, ते या फोटोंच्या पानावर असतं. आणि तिथे माहिती मात्र एका शब्दाची.

आधी एक गैरसमज दूर करू. संचालक मंडळ बँक चालवत नाही, ती चालवून घेतं. रोजचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे पगारी लोक बघतात. मंडळ महिन्यातून एक-दोनदा बसतं, धोरण ठरवतं, मोठी कर्जं मंजूर करतं, वसुलीचा आढावा घेतं, लेखापरीक्षकाने काढलेले दोष वाचतं. म्हणजे संचालकाचं मुख्य हत्यार एकच, प्रश्न विचारणं. प्रश्न विचारायला विषय कळावा लागतो, आणि विषय कुठल्या बाजूने कळतो हे माणसाच्या पोटापाण्याच्या धंद्यावरून बरंचसं ठरतं. म्हणून पार्श्वभूमीला किंमत.

उदाहरण घेऊ. तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराने बेदाण्याच्या शीतगृहासाठी चार कोटींचं कर्ज मागितलंय असं समजा. फाइल मंडळापुढे आली. शाखेची शिफारस आहे, प्रकल्प अहवाल जाडजूड आहे, जामीनदार चांगले आहेत.

मंडळातले सीए ताळेबंद उलटायला लागतात. त्यांच्या लक्षात येतं की अर्जदाराची गेल्या तीन वर्षांची निम्मी विक्री एकाच फर्मला झालीय, आणि त्या फर्मचा भागीदार त्यांचाच मेहुणा आहे. मग ही विक्री खरी की कागदावरची? वकील संचालक ताळेबंदाकडे बघतही नाहीत. ते सातबारा काढतात, इतर हक्काच्या रकान्यात दोन बहिणींची नावं दिसतात, आणि विचारतात, हक्कसोडपत्र कुठंय? जमीन बिगरशेती झालीय का? निवृत्त बँक अधिकारी यंत्रसामग्रीच्या कोटेशनवर बोट ठेवतात: हाच कॉम्प्रेसर मागच्या वर्षी दुसऱ्या कर्जदाराने बराच स्वस्तात घेतला होता, इथे किंमत फुगवून स्वतःचा हिस्सा बँकेच्याच पैशातून उभा करायचा बेत दिसतो.

आणि मग कोपऱ्यात बसलेले, स्वतः बागायतदार असलेले संचालक विचारतात, "हप्ता दरमहा ठेवलाय. शीतगृह भरणार मार्च-एप्रिलात, माल उचलला जाणार दिवाळीच्या मागंपुढं. भाडं माल उचलताना मिळतं. मधले सहा महिने गडी हप्ता कशातनं भरणार?"

हा प्रश्न सीएला सुचत नाही, कारण प्रकल्प अहवालात वार्षिक उत्पन्न बाराने भागलेलं असतं आणि भागाकार बरोबर असतो. कर्ज वाईट नाही, हप्त्याची रचना वाईट आहे. ती न बदलता कर्ज दिलं तर चांगला माणूस वर्षभरात थकबाकीदार होतो. चार वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांनी एकाच फाइलमध्ये चार वेगळी भोकं शोधली. मंडळावर चौघेही सीए असते तर एकच भोक चारदा सापडलं असतं.

बँकेच्या मंडळात मिश्र पार्श्वभूमीचे लोक हवेत, ही गोष्ट कायद्याने 1968 साली पहिल्यांदा ठामपणे सांगितली. त्या काळी मोठ्या खासगी बँकांची मंडळं बड्या उद्योगघराण्यांच्या लोकांनी भरलेली असत आणि कर्जाचा ओघही त्याच घराण्यांकडे वाहत असे. शेतकरी, छोटा कारखानदार, दुकानदार यांना बँकेच्या पायऱ्या चढायचं कारणच नव्हतं. सरकारने तेव्हा 'सामाजिक नियंत्रण' आणलं आणि बँकिंग नियमन कायद्यात कलम 10अ घातलं. त्याने काम भागलं नाही म्हणा किंवा राजकारण बदललं म्हणा, पुढच्याच वर्षी, 19 जुलै 1969 रोजी, 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. कलम मात्र राहिलं.

ते सांगतं की मंडळातले किमान 51 टक्के सदस्य ठरावीक विषयांतलं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेले हवेत. विषयांची यादी अशी: हिशेबशास्त्र, शेती आणि ग्रामीण अर्थव्यवस्था, बँकिंग, सहकार, अर्थशास्त्र, वित्त, कायदा, लघुउद्योग, आणि रिझर्व्ह बँकेला उपयोगी वाटेल असा आणखी एखादा विषय. त्यातही किमान दोघे शेती, सहकार किंवा लघुउद्योग या बाजूचे हवेत. म्हणजे आपले तासगावचे बागायतदार हे मंडळाची शोभा म्हणून बसवलेले नाहीत, त्यांची जागा कायद्याने आखून दिली आहे.

गंमत अशी की सहकारी बँकांना हे कलम कित्येक दशकं लागूच नव्हतं. सहकारात मंडळ सभासदांनी निवडून द्यायचं, मग पात्रता ठरवणारे आपण कोण, असा विचार त्यामागे होता. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला खातेदारांना स्वतःच्या पैशातले फक्त 1,000 रुपये काढता येत होते, आणि मुंबईत शाखांबाहेर रांगा लागल्या. त्यानंतर 2020 मध्ये कायदा बदलला आणि नागरी सहकारी बँकांनाही 51 टक्क्यांची अट आली.

'विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव' यातला 'किंवा' लक्षात ठेवा. त्यात ताकदही आहे आणि पळवाटही. सहकार हा यादीतला एक विषय आहे, आणि महाराष्ट्रात 'सहकाराचा प्रत्यक्ष अनुभव' कुणाला नसतो? सोसायटीचा चेअरमन, बाजार समितीचा माजी सदस्य, दूध संघाचा प्रतिनिधी, सगळेच त्यात बसतात. पॅनेल ठरतं तालुक्याप्रमाणे, शाखेप्रमाणे, नात्याप्रमाणे, आणि मग प्रत्येक नावापुढे यादीतला कुठला विषय शोभेल ते बघितलं जातं. 51 टक्के कागदावर सहज भरतात.

पण म्हणून शिकलेल्यांनाच निवडून द्या, असा निष्कर्ष कुणी काढू नये. म्हसवडची गोष्ट आठवा. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, सतत दुष्काळ झेलणाऱ्या गावात, चेतना सिन्हा यांनी बायकांना घेऊन स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं. परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण प्रवर्तक सभासदांपैकी बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायकांनी काही महिने बसून अक्षरओळख करून घेतली आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. चेतनाताई हा प्रसंग अनेकदा सांगतात. बायकांचं म्हणणं असं होतं की वाचायला आम्हाला कुणी शिकवलं नाही, पण हिशेब येतो. मुद्दल सांगा, दर सांगा, व्याज आम्ही तोंडी सांगतो, आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता सांगायला लावा. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. भाजी विकणाऱ्या, शेळ्या राखणाऱ्या बाईचं उत्पन्न रोजचं असतं, हप्ता महिन्याचा ठेवून चालत नाही, हे तिच्यापेक्षा चांगलं कुणाला ठाऊक असणार? कलमातला 'प्रत्यक्ष अनुभव' याला म्हणतात.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण, हैदराबादचं. सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळावर बाहेरून घेतलेल्या संचालकांची 2008 सालची यादी म्हणजे कुठल्याही कंपनीने हेवा करावा अशी होती. हार्वर्डमधले व्यवस्थापनाचे प्राध्यापक, देशाचे माजी कॅबिनेट सचिव, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे डीन, आयआयटी दिल्लीचे माजी संचालक, आणि पेंटियम चिपच्या निर्मितीशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते तंत्रज्ञ. 16 डिसेंबर 2008 रोजी या मंडळाने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या, एक बांधकामाची आणि एक जमीनजुमल्याची, 1.6 अब्ज डॉलरला विकत घ्यायला मंजुरी दिली. सॉफ्टवेअर कंपनीने मालकाच्या घरच्या जमिनी कशाला घ्यायच्या, हा साधा प्रश्न गुंतवणूकदारांनी काही तासांत विचारला आणि सौदा गुंडाळावा लागला. तीन आठवड्यांनी, 7 जानेवारी 2009 रोजी, अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या 5,361 कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत.

बँकेत पैसे आहेत की नाहीत, हे बघायला हार्वर्ड लागत नाही. खाली एखादा जुना कॅशियर असता तर म्हणाला असता, पासबुक दाखवा.

मग त्या मोठ्या बायोडेटांचा उपयोग काय झाला? माझं मत थोडं कडू आहे: उपयोग झाला, पण उलटा. नावांचं वजन एवढं होतं की बाहेरच्यांना वाटलं आत लक्ष ठेवलं जातंय, आणि आतल्या प्रत्येकाला वाटलं शेजारचा बघत असेल. शिवाय माहितीचा नळ प्रवर्तकांच्याच हातात. जे कागद पुढे ठेवले जातील तेच संचालक वाचणार.

तरीही सत्यमची खरी शिकण्यासारखी बाजू पुढची आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. सरकारने जुनं मंडळ बरखास्त केलं आणि 11 जानेवारीला तिघांना नेमलं: गृहकर्जाच्या धंद्यात उभी हयात गेलेले दीपक पारेख, नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेचे माजी अध्यक्ष किरण कर्णिक, आणि रोखे अपील न्यायाधिकरणाचे माजी प्रमुख सी. अच्युतन. काही दिवसांत आणखी तिघे आले. उद्योगसंघटनेचे तरुण दास, सनदी लेखापालांच्या संस्थेचे माजी अध्यक्ष टी. एन. मनोहरन, आणि आयुर्विमा महामंडळाचे एस. बी. मैनाक. या सहा नावांकडे कामाच्या यादीसारखं बघा. कंपनीपुढे त्या घडीला काय काय होतं? पगाराला पैसे नव्हते, खरे हिशेब नव्हते, परदेशातले ग्राहक सोडून जाण्याच्या बेतात होते, अमेरिकेत खटले लागत होते आणि कर्मचारी पन्नास हजारांच्या आसपास होते. यातल्या जवळजवळ प्रत्येक अडचणीसाठी त्या यादीत एक माणूस होता. 13 एप्रिल 2009 रोजी सत्यम घ्यायला पुढे आलेल्या टेक महिंद्राची बोली स्वीकारली गेली. तीन महिन्यांत.

जुन्या मंडळाच्या आणि नव्या मंडळाच्या बायोडेटांत उंचीचा फरक नव्हता. फरक एवढाच की नवं मंडळ 'आता आपल्यापुढे काय काम आहे' हे बघून भरलं होतं.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. 1911 मध्ये मुंबईत सहकाराची मध्यवर्ती बँक उभी राहिली तेव्हा पुढाकार सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांचा होता, म्हणजे गिरणीमालक आणि उद्योजक, पण पैसा जायचा होता शेतकऱ्याकडे. तिथे वैकुंठभाई मेहतांनी सुमारे 35 वर्षं व्यवस्थापन सांभाळलं. आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना तर घराघरात माहीत आहे. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शाळा फार शिकलेले नव्हते, पण गावोगावचा ऊसवाला त्यांच्या शब्दावर भाग घेत होता. केंब्रिजला शिकलेले, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांना त्यांनी कारखान्याच्या अध्यक्षपदी बसवलं आणि स्वतः उपाध्यक्ष झाले. पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. सरकारशी आणि कर्ज देणाऱ्या संस्थांशी ताळेबंदाच्या भाषेत बोलायला प्राध्यापक, आणि बांधावर उभं राहून शेतकऱ्याला पटवायला पाटील. आज एखाद्या कारखान्याच्या निवडणुकीत कुणी अर्थशास्त्राचा प्राध्यापक अध्यक्षपदासाठी सुचवून बघावा. पॅनेलचे लोक विचारतील, त्याच्या मागे मतं किती?

मतांची ही अडचण कायदा करणाऱ्यांनाही माहीत आहे. म्हणून त्यांनी मागच्या दाराने जाणकार आत आणायची सोय केली. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात मंडळाची कमाल संख्या 21 आहे, त्यात महिलांना दोन जागा आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्ग यांना एकेक जागा राखीव. या 21 च्या वर जास्तीत जास्त दोन तज्ज्ञ संचालक घेता येतात. निवडून न येता मंडळावर येणारे म्हणून लोक त्यांना सरसकट 'स्वीकृत' म्हणतात. अपेक्षा अशी की हे दोघे बँकिंग, वित्त, व्यवस्थापन जाणणारे असतील. प्रत्यक्षात ही जागा बऱ्याचदा निवडणुकीत पडलेल्या आपल्या माणसाच्या पुनर्वसनासाठी वापरली जाते. अहवाल हातात आला की 'तज्ज्ञ संचालक' या शब्दाखालचं नाव आधी शोधा आणि मागच्या निवडणुकीतल्या पडलेल्या उमेदवारांच्या यादीशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

रिझर्व्ह बँकेने त्यापुढची पायरी 31 डिसेंबर 2019 च्या परिपत्रकाने घातली. 100 कोटी किंवा जास्त ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकेने संचालक मंडळाशिवाय वेगळं 'व्यवस्थापन मंडळ' नेमायचं, त्यात किमान पाच आणि जास्तीत जास्त बारा जाणकार माणसं. ही कल्पना वाय. एच. मालेगाम यांच्या समितीने 2011 मध्येच मांडली होती. निवडून आलेले धोरण ठरवतील, कर्जाच्या फाइली आणि वसुली जाणकार बघतील, असा हा संसार. चांगला चालला तर उत्तम. वाईट चालला तर व्यवस्थापन मंडळातली माणसंही अध्यक्षांच्याच घरच्या कार्याला येणारी निघतात. आणि हो, बँकिंग कायद्याच्या 2025 च्या दुरुस्तीने सहकारी बँकेत सलग संचालक राहण्याची मर्यादा आठ वर्षांवरून दहा वर्षं झाली आहे, म्हणजे दोन पूर्ण मुदती.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या अहवालात तर सेबीच्या, म्हणजे त्या बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमाने एक तक्ता द्यावा लागतो. उभ्या रकान्यात कौशल्यं, आडव्या ओळीत संचालकांची नावं, आणि ज्याला जे येतं तिथे खूण. कल्पना छान आहे. बरेच तक्ते मात्र असे असतात की सगळ्यांना सगळं येतं. सगळ्या चौकटींत खूण असलेला तक्ता मला तरी रिकाम्या तक्त्याइतकाच उपयोगाचा वाटतो. ज्या तक्त्यात जागा मोकळ्या आहेत, तो कुणीतरी प्रामाणिकपणे भरलाय.

मोकळी जागा महाग पडते ती अशी. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. दोन दिवसांत सुमारे 94 कोटी रुपये गेले, बरेचसे बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून. 1906 साली स्थापन झालेली, शंभरी ओलांडलेली बँक. अशा हल्ल्याला एकटं मंडळ जबाबदार धरता येत नाही, पण त्या दिवसानंतर राज्यातल्या प्रत्येक सहकारी बँकेच्या सभेत एक प्रश्न विचारायला हवा होता: आपल्या फोटोंच्या पानावर संगणक-सुरक्षेचं काम केलेला माणूस कोणता? अजूनही बहुतेक मंडळांत या विषयावर सगळे वाकून पगारी आयटी अधिकाऱ्याकडे बघतात आणि तो सांगेल ते इतिवृत्तात 'मान्य' म्हणून लिहिलं जातं.

डॉक्टर, शिक्षक, 'समाजसेवक' यांचं काय, असं तुम्ही विचाराल. डॉक्टरांना मी मंडळावर ठेवीन. गावातल्या जुन्या डॉक्टरला कर्जदाराच्या घरात काय चाललंय ते कळतं, आणि 'मला यातलं समजत नाही, पुन्हा सांगा' म्हणायची त्याला लाज वाटत नाही. मंडळात हे वाक्य बोलणारा एक तरी हवाच. शिक्षक इतिवृत्त वाचतात. हसू नका, मागच्या सभेचं इतिवृत्त खरोखर वाचणारे फार थोडे असतात आणि घोळ तिथेच लपतात. बांधकाम व्यावसायिकाबद्दल मी सावध असतो. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायला नागरी सहकारी बँकांना ऑक्टोबर 2003 पासून बंदी आहे, पण त्यांच्या इमारतीतले फ्लॅट घेणाऱ्यांना कर्ज देताना बँक किती बारकाईने बघते, ते विचारायला हरकत नाही.

'समाजसेवक' या शब्दावर माझा बरीच वर्षं राग होता. ज्याला दुसरं काही लिहिता येत नाही त्याच्यासाठीचा शब्द, असं मी म्हणायचो. आमच्या बँकेच्या अहवालातही एका फोटोखाली तो होता. साठीपुढचे, साधा शर्ट, नाव ऐकलेलं नाही. एका सभेनंतर चहाच्या रांगेत ते माझ्या पुढे उभे होते, म्हणून सरळच विचारलं, आपण काय करता? ते म्हणाले, "आता काही नाही हो. आधी सव्वीस वर्षं पिग्मी गोळा करायचो." पिग्मी म्हणजे बँकेची रोजची छोटी बचत. मंडईपासून एसटी स्टँडपर्यंत रोज संध्याकाळी, दुकान दुकान, टपरी टपरी. कुणाचा गल्ला कधी आटतो, कोण दहा रुपये टाकतानाही आधी वहीत बघतो, कोण दुकान सजवतोय पण माल भरत नाहीये, सगळं त्यांना पाठ. कर्ज उपसमितीत त्यांनी नको म्हटलेली किती खाती पुढे दुसऱ्या बँकांत बुडाली, ते शेजारी उभ्या शाखाधिकाऱ्याने सांगितलं.

मी विचारलं, मग फोटोखाली 'पिग्मी एजंट' असं का नाही लिहिलं?

"छे," ते म्हणाले, "बरं दिसत नाही ना ते," आणि त्यांनी माझ्यासाठीही एक कप उचलला.